कोरड्या हातांची सही

झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला न उठवता कुशीवर वळवणं ही कला आहे. ज्याला हे पटत नसेल त्यानं नव्वद किलोच्या, अर्धवट झोपेतल्या, मुळातच तिरसट स्वभावाच्या आजोबांना एकदा वळवून बघावं आणि मग काय ते बोलावं.

फिरकी मावशी हे काम एकोणीस वर्षं करत होती. फिरकी हे नाव वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांनीच ठेवलेलं. एका कुशीवर डोळे मिटलेत आणि दुसऱ्या कुशीवर जाग आलीय, मध्ये काय झालं याचा पत्ता नाही, असं वारंवार व्हायला लागल्यावर कुणीतरी म्हणालं, "ही बाई आपली फिरकी घेते." तेव्हापासून ती फिरकी मावशी. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथंच राहिलं.

तळमजल्यावर अकरा पलंग होते, अकराही माणसं अंथरुणाला खिळलेली. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना, माकडहाडाला बेडसोर होतो. आधी कातडी नुसती लाल दिसते. बोट दाबून उचललं की पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर सुरुवात झाली म्हणायची. मग कातडी सोलते, मग खड्डा पडतो. मावशीला हे सगळं वासावरून कळायचं. दुसऱ्या आश्रमातून आलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून उतरवायच्या आत ती म्हणायची, "याला कमरेखाली आहे बरं का." आणि असायचंच. पण तिच्या हाताखाली वाढलेला एकही बेडसोर एकोणीस वर्षांत नव्हता. तिला अभिमान कशाचा असेल तर एवढ्याचाच, आणि तोही ती कुणाला बोलून दाखवत नसे.

कूस बदलायला दोघी लागतात. एकीनं घाणीच्या बाजूला उभं राहायचं; डायपर काढायचा, पुसायचं, खालची आडवी चादर ओढायची. दुसरीनं समोरून खांदा आणि कंबर धरून ठेवायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. मग पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर वेळ लिहायची, कूस लिहायची आणि सही करायची. आता घाणीच्या बाजूला जी उभी राहिली तिचे हात ओले. हातमोजे काढा, हात धुवा, पुसा, तेवढ्यात पुढचा पलंग खोळंबतो. म्हणून तिथला जुना रिवाज असा, की जिचे हात कोरडे तिनं सही करायची. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच माहीत नव्हतं. सोयीचं होतं, चालत आलं.

आणि मावशी कायम ओल्या बाजूला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या पोरी बदलत गेल्या, बाजू काही बदलली नाही. गेली चार वर्षं जोडीला होती ती धाकटी. ही आश्रमातली सगळ्यांत तरुण, म्हणून धाकटी. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली होती. मावशीनं तिला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ढकललं आणि म्हणाली, "तू तिकडे थांब. धर आणि लिही. बाकी मी बघते." चार वर्षांत धाकटी चांगली तयार झाली, उलट्याबिलट्या विसरली, पण बाजू तीच राहिली.

पगारवाढीची बातमी आली ती सकाळच्या चहाच्या वेळी, हॉलमधल्या टीव्हीवर. म्हाताऱ्यांची सेवा करणारे कर्मचारी आणि नर्सेस यांचं किमान वेतन वाढवलं, असं निवेदिका अगदी हवामान सांगावं तशा आवाजात सांगत होती. हॉलमध्ये कुणी हललं नाही. स्वयंपाकीणबाई मोठा डाव हातात घेऊन दारात उभी होती, त्यातून थेंब थेंब जमिनीवर गळत होतं.

"काय म्हणाली ती?" तिनं विचारलं.

"वाढलं म्हणाली," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. या तिथल्या हेडनर्स. तीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना गडबडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी नऊ नंबरच्या आजोबांच्या गोळ्या दहा नंबरच्या आजोबांपुढे ठेवल्या आणि आजोबांनीच त्या परत केल्या.

थोडंथोडकं नव्हे, चांगलं घसघशीत वाढलं होतं. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली त्यांना अचानक कुणी पोटभर वाढलं, तर ती माणसं आधी घाबरतात. कुणाची तरी चूक झाली असेल, उद्या परत घेतील, असंच वाटतं. धाकटीनं तर मोबाईलवर तीन ठिकाणी वाचून खात्री केली.

मावशीनं आकडा ऐकला, पण तिनं पैसे मोजलेच नाहीत. तिनं मोजल्या त्या मोकळ्या मिळणाऱ्या संध्याकाळी.

तिची आश्रमातली ड्यूटी सकाळी सात ते तीन. तिथून सुटली की ती चारला दुसऱ्या एका घरी जायची, तिथल्या आजींचं नऊपर्यंत बघायची आणि साडेनऊला घरी पोचायची. आजी चांगल्या होत्या, तक्रार नव्हती. पण वाढ हातात आली तर या दुसऱ्या कामाची गरजच उरत नव्हती. साडेतीनला घरी. रोज. तीन वर्षांत तिनं आपलं घर संध्याकाळच्या उजेडात पाहिलं नव्हतं.

घरी नवरा होता. घरं रंगवणारा रंगारी, एके काळी शिडीच्या टोकाला उभं राहून गाणी म्हणणारा. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी मावशी सवयीनं त्याचा सदरा काढायला पुढे झाली, तेव्हा त्यानं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"हे बघ," तो म्हणाला, "तू दिवसभर लोकांचं करतेस. घरात मला मावशी नको. बायको पाहिजे."

तिनं वाद घातला, रडली, अबोला धरला. रंगारी ऐकेना. स्टुलावर बसून, पडदा ओढून, एका हातानं तो स्वतः अंघोळ करायचा, स्वतः कपडे घालायचा, आपले कपडे आपण धुऊन दोरीवर टाकायचा. त्याला तासभर लागायचा. शेवटी तिनं हार मानली. माणसाचं सगळं गेलं तरी एवढी एक ऐट शाबूत राहावी, असं तिलाही वाटलं असेल. पहाटे ती निघायची तेव्हा तो पांघरुणात असायचा, परत यायची तेव्हा दिवा मालवून पुन्हा पांघरुणात. "जेवलात?" "हो." "बरं वाटतंय?" "ठणठणीत." संसार एवढ्यावर चालला होता. आठवड्याच्या सुट्टीला ती अर्धा दिवस मेल्यासारखी झोपायची आणि उरलेला अंधार पडेपर्यंत बाजारहाट करण्यात जायचा.

पण हल्ली एक चांगलं लक्षण दिसत होतं. रंगारी उभा राहायला लागला होता. आधी दिवसभर खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसून असायचा. आता खिडकीचा कठडा धरून तासन्‌तास उभा. शेजारणीनंच सांगितलं, "अहो, तुमचे मालक हल्ली जेवतातसुद्धा उभ्यानंच! पायात बळ आलं म्हणायचं." शिवाय त्यानं माळ्यावरचे जुने ब्रश शेजारणीकडून काढून घेतले होते आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवून ठेवले होते. खोलीभर तो वास. मावशीनं रात्री दार उघडलं की तो तिच्या नाकात शिरायचा आणि तिला आकाश ठेंगणं व्हायचं. माणूस ब्रश धुतो म्हणजे त्याला पुन्हा रंगवायचंय.

"आता मी संध्याकाळची घरीच असणार," तिनं बातमीच्या दिवशी अंधारातच सांगितलं. "पगार वाढला आमचा."

खाट करकरली. मग तो म्हणाला, "खरंच? रोज?"

"रोज."

"अरे वा," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. तिला वाटलं, भरून आलं असेल.

पंधरा दिवसांनी आश्रमाच्या फळ्यावर यादी लागली. वाढ सगळ्यांना सारखी नव्हती, हे तेव्हा कळलं. जे प्रत्यक्ष सेवा करतात, म्हणजे ज्यांचा हात म्हाताऱ्या माणसाला लागतो, त्यांना पूर्ण वाढ; स्वयंपाक, धुलाई, झाडलोट आणि 'इतर मदतनीस' यांना चिमूटभर. मावशीनं वरची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. धाकटीचं नाव तिसरं होतं. मावशीचं नव्हतं. ते होतं खालच्या यादीत, इतर मदतनिसांमध्ये, माळीबुवांच्या वर.

ती तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय नव्हती.

"साहेब, माझं नाव चुकून खाली पडलंय."

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, स्वतः उठून कपाटातून वर्षभराच्या तक्त्यांचे गठ्ठे काढले आणि टेबलावर ठेवले. "मावशी, मी पण आधी तसंच म्हटलं. पण वेतन कार्यालयाचा नियम आहे, प्रत्यक्ष सेवेचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे सह्या. तुमची नेमणूक एकोणीस वर्षांपूर्वी मदतनीस म्हणून झालीय, ती तशीच राहिली. आणि वर्षभराच्या या तक्त्यांत..." त्यांनी चष्मा काढला. "तुमची एकही सही नाही. मी दोनदा बघितलं. एकही नाही."

"मग?"

"मग कागदावर असं दिसतं, की तुम्ही वर्षभरात एकाही माणसाला हात लावलेला नाही."

मावशीनं आपल्या हातांकडे पाहिलं. पाण्यात राहून राहून बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली, नखं पांढरी, अंगठ्याच्या बुडाशी फिनेलनं पडलेली भेग. कुणी चोर म्हटलं असतं तर ती भांडली असती. तू नव्हतीसच, असं म्हटल्यावर भांडायचं तरी काय म्हणून? भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. पाच नंबरच्या आजींची डावी कूस. ती उठली, गेली, आजींना वळवलं, पाठ पुसली. सही धाकटीनं केली. पेन टेकवल्यावर दोघींनी एकदमच त्या सहीकडे बघितलं, आणि धाकटी तिथंच पलंगाच्या काठाला धरून रडायला लागली.

"अगं, आजी जाग्या होतील!"

"मावशी, मी सांगते साहेबांना. सगळं तुम्हीच करता म्हणून."

"आणि सह्या कुणी केल्या विचारलं तर? न केलेल्या कामाची सही म्हणतील. घालवशील नोकरी."

"मग माझ्यातली अर्धी वाढ तुम्ही..."

"गप बस," मावशी म्हणाली. ती धाकटीवर कधी ओरडत नसे, त्या दिवशी ओरडली.

स्वयंपाकीणबाईला कळलं तेव्हा तिनं सगळं स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. "आयत्या बिळावर नागोबा! तुम्ही मर मर मरायचं आणि नाव त्या पोरीचं! आणि तुम्ही पण मावशी, धन्य आहात. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत. एकोणीस वर्षांत एकदा हात पुसायला काय झालं होतं?"

काय झालं होतं, ते मावशीलाही सांगता येईना. तिनं स्वयंपाकीणबाईच्या सांगण्यावरून वेतन कार्यालयाकडे अर्ज तेवढा केला. घरी तिनं काही सांगितलं नाही. रंगाऱ्यानं मात्र दोनदा विचारलं, "कधीपासून येणार तू संध्याकाळची?" "येईन," ती म्हणाली. "कागदाचं चाललंय." दोन्ही वेळा त्यानं हुश्श केल्यासारखा श्वास सोडला. तिला तो ऐकू आला. अर्थ लावायला ती फार दमलेली होती.

पाचव्या आठवड्यात कार्यालयाच्या तपासणीस बाई आल्या. सडसडीत, कमी बोलणाऱ्या, खांद्याला जाडजूड पिशवी. त्यांनी एका टेबलावर तक्ते पसरले आणि दोन तास मान वर केली नाही. मग धाकटीला बोलावलं.

"वर्षभरात एवढ्या वेळा कूस बदलली तुम्ही? आणि तळमजल्यावर एकालाही बेडसोर नाही. कौतुक आहे. मला एकदा करून दाखवाल?"

धाकटीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. तिनं मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं, सिस्टरांनी खिडकीकडे. मावशी कोपऱ्यात बादली घेऊन उभी होती. धाकटी नऊ नंबरकडे गेली. हेच ते नव्वद किलोचे आजोबा, पूर्वीचे कोर्टातले कारकून, अजूनही कुणाचं वाक्य अर्धवट ऐकून घेत नसत. तिला काय वाटलं कोण जाणे. कागदावर एकटीचं नाव आहे, तर आता एकटीनंच करून दाखवायला हवं, असंच वाटलं असणार. ती ओल्या बाजूला गेली, जिथं ती चार वर्षांत कधी उभी राहिली नव्हती, आणि तिनं आडवी चादर ओढली.

आजोबा वळले, आणि वळतच राहिले. समोरून धरायला कुणी नव्हतं. त्यांचा खांदा पलंगाबाहेर आला, एक पाय लोंबकळला, आजोबांनी अशी काही हाक मारली की वरच्या मजल्यावरचे लोक उठून बसले. बादली आडवी झाली. मावशी कधी धावली ते कुणालाच दिसलं नाही, दिसलं ते एवढंच, की ती गुडघ्यावर बसून आजोबांचं सगळं वजन छातीवर झेलतेय आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणतेय, "काही नाही, काही नाही आजोबा, भिंतीकडे जायचंय. घ्या श्वास. एक, दोन..." तीनला आजोबा जागेवर होते, गुडघ्यांमध्ये उशी होती, आणि धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

तपासणीस बाईंचा हात तोंडावर होता. तो त्यांनी बऱ्याच वेळानं खाली घेतला.

"कूस बदलायचा नियम काय आहे?" त्यांनी मोठ्या सिस्टरांना विचारलं.

"दोघींनी करायची," सिस्टर म्हणाल्या. "एकटीनं करायला मनाई आहे. का ते आत्ता पाहिलंतच."

"मग प्रत्येक तक्त्यावर एकच सही का?"

सिस्टरांनी पायथ्याचा तक्ता काढून त्यांच्यापुढे धरला. तीस वर्षं रोज हातात घेतलेला कागद त्या आत्ता पहिल्यांदाच वाचत असाव्यात. "रकाना एकच आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्याच आवाजावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "वेळ, कूस, सही. सहीला रकानाच एक आहे."

"म्हणजे दर वेळी दुसरी कुणीतरी होती. कोण होती दुसरी?"

शेवटी नऊ नंबरचे आजोबा भिंतीकडे तोंड करूनच खेकसले, "कोण म्हणजे? ही. फिरकी. डोळे आहेत ना तुम्हाला बाई?"

तपासणीस बाईंनी एकेका पलंगापाशी जाऊन विचारलं, लिहून घेतलं, धाकटीचा जबाब घेतला. तिला शिक्षा झाली नाही. रिवाज साऱ्या आश्रमाचा होता. पत्र यायला आणखी तीन आठवडे लागले. मावशीचं नाव वरच्या यादीत, पुढच्या महिन्यापासून. मागच्या एकोणीस वर्षांचं काही नाही. तक्त्यावर मात्र आता दोन रकाने छापून आले. स्वयंपाकीणबाईनं पत्र मोठ्यांदा वाचलं, तेव्हा मावशी नुसतीच "बरं" म्हणाली. तिनं पत्राची घडी घातली, संध्याकाळच्या आजींना आधीच कळवून ठेवलं होतं, आणि महिना लागताच पहिल्या दिवशी तीनला सुटून ती सरळ घरी निघाली.

रस्ता तोच होता, पण उजेडात ओळखू येत नव्हता. वाटेत तिनं दोन माणसांसाठी ताजी भाजी घेतली. जिना चढताना तिला हसू येत होतं. आवाज न करता दार उघडायचं, मागून जायचं आणि विचारायचं, काय रंगारीबुवा, कुठला रंग काढायचाय?

तो खिडकीत उभा होता, तिच्याकडे पाठ करून. पश्चिमेचा लख्ख उजेड थेट खोलीत आला होता. रंगारी नेहमी म्हणायचा, रंग दिव्याखाली खोटा दिसतो, बघायचा तर दिवसाच्या उजेडात. मावशीनं त्या उजेडात पाहिलं. त्याच्या पायजम्याला मागे, कमरेच्या जरा खाली, एक ओला डाग होता. पिवळट, कडेला तपकिरी.

आणि टर्पेंटाइनच्या वासाखालून दुसरा वास आला.

भाजीची पिशवी तिच्या हातातून सुटली. तो दचकून वळला. "अगं! तू? आत्ता? आज येणार म्हणाली नाहीस..."

"वळा," ती म्हणाली.

"काही नाही ते. जरा खरचटलंय."

"वळा म्हणते ना."

तो वळला नाही. त्यानं तिचं मनगट धरलं, तीन वर्षांपूर्वी धरलं होतं तसं. "आपलं काय ठरलंय? घरात मावशी नको."

तिनं मनगट सोडवलं. त्याला जोर नव्हता. त्याला खाटेवर कसं नेलं, कुशीवर कसं घेतलं, तिचं तिलाच कळलं नाही. हातांनी आपलं काम केलं. पायजमा चिकटला होता, तो कोमट पाण्यानं सोडवावा लागला. माकडहाडावर रुपयाएवढा खड्डा होता, भोवतीची कातडी जांभळट लाल. तिनं कडेला बोट दाबून उचललं. लाल ते लालच राहिलं. तीन महिन्यांचं, तिच्या मनानं सांगितलं. कमी नाही. लाकडी खुर्चीत बसून बसून. डाव्या अंगाला धड कळत नाही, म्हणून सुरुवातीला त्यालाही कळलं नसेल. मग बसवेना. मग तो उभा राहायला लागला.

पायात बळ आलं म्हणायचं! ती मटकन खाली बसली. अकरा पलंग, एकोणीस वर्षं, एकाच्याही पाठीला ओरखडा नाही, आणि हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, असा वास येणारा. ती चिडली, स्वतःवर, त्याच्यावर, तीन ते साडेनऊवर, कुणाकुणावर ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"ब्रश कशाला काढलेत माळ्यावरून?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"वास येऊ नये म्हणून," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"सांगितलं का नाहीत? अहो, मी याच कामाची आहे ना? साऱ्या जगात मला एवढं एकच येतं!"

"सांगणारच होतो. पण तू त्या दिवशी आलीस आणि म्हणालीस, उभे राहता म्हणे, बरं होतंय. किती खूश होतीस. तीन वर्षांत पहिल्यांदा अशी हसलीस." तो थांबला. "म्हटलं, हसू दे. तू संध्याकाळची यायला लागशील तेव्हा आपोआप दिसेलच."

मावशीला ते दोन सुटकेचे श्वास आठवले. ती रडली, तोंड दाबून नाही, चांगली मोठ्यानं, शेजारीण दारात येऊन परत जाईपर्यंत. मग ती उठली. जखम धुतली, कोरडी पट्टी ठेवली, पाठीमागे उशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी दिली. डॉक्टरांना उद्या सकाळी दाखवायचं ठरलं, आणि यावेळी रंगारी काही बोलला नाही. भाजी अजून दारातच पसरलेली होती.

पिशवीतून तिनं ते पगारवाढीचं पत्र काढलं, उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पट्टी न घेताच रेघा मारल्या. वेळ. कूस. सही. खाटेच्या पायथ्याशी खिळा नव्हता, म्हणून कागद त्याच्या उशाशी ठेवला. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं, सव्वाचार, उजवी. मग ती थांबली. कागदावर पाण्याचा डाग पडला होता. ती मोरीवर गेली, हात धुतले, फडक्याला बोट न्‌ बोट पुसलं, परत आली आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

रंगारी मान तिरकी करून बघत होता. "आता हे कुणाला दाखवायचंय?"

"मला," ती म्हणाली, आणि सव्वासहाचा गजर लावून भाजी गोळा करायला वाकली.